दाराजवळची भिंत

प्रिय दत्तू,

सवयीनं 'चिरंजीव' लिहायला गेले आणि हात थांबला. तू जाऊन सहा महिने झाले. तरी लिहितेय, कारण माझ्या हातून जे झालंय ते तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

काल मुंबईहून तुझे दोन विद्यार्थी आले होते. एवढ्या नामांकित चित्रकाराचं गाव त्यांना पायी फिरून बघायचं होतं, टांगासुद्धा नको म्हणाले! मीही अशा ऐटीत पुढे निघाले की दुखरे गुडघेही विसरले. तांबट आळीत तू शाळा बुडवून बसायचास ती पायरी दाखवली. घाटावर तू कोळशानं हत्ती काढलास आणि गुरुजी काठी घेऊन पंचवटीपर्यंत मागे धावले, तेही सांगितलं. पोरं पोट धरून हसली.

घरी आल्यावर थोरला म्हणाला, "आक्का, आता ती भिंत दाखवा ना."

"कुठली रे?"

"मास्तर नेहमी म्हणायचे, माझं पहिलं चित्र नाशकात आमच्या दाराजवळ आहे."

दत्तू, पाणी आणायचं निमित्त करून मी आत पळाले!

माझ्या लग्नात ती भिंत तू रंगवलीस. मी अकरा वर्षांची, तू नऊ. भालदार-चोपदार काढायला सांगितले होते, ते काढलेस आणि मध्ये पालखीत रडणारी नवरी काढलीस! तात्या कडाडले, "लग्नघरात रडकी नवरी? पूस ते!" मार खाल्लास, पण पुसलं नाहीस. पोर किती शहाणी, डोळ्यांत टिपूस नाही, असं सगळे म्हणत होते. तुला एकट्याला कसं रे कळलं होतं?

दोन वर्षांत कुंकू पुसून मी याच दारात परत आले. ती नवरी तशीच बसलेली होती.

दर दिवाळीआधी तुझं पत्र यायचं, "चुना मारताना दाराजवळची भिंत सोड." यंदा तू गेल्यामुळं दिवाळीच केली नाही. मग हे दोघे घर बघायला येणार म्हणून कळलं आणि मी चुना मारायला रहीमभाईंना बोलावलं. ते म्हणाले, "आक्का, येवढीच भिंत काळी ठेवायची? पाव्हणे काय म्हन्तील?" मी म्हटलं, मारा हात.

मी म्हटलं रे! या तोंडानं! तूही का नाही कधी सांगितलंस, की ते तुझं पहिलं चित्र आहे म्हणून? मला वाटायचं, भावाची माया.

पोरं गेल्यावर ओलं फडकं घेऊन बसले. चुना निघाला, त्याच्याबरोबर गेरूही आला. फडकं लाल झालं आणि भिंतीवर काही उरलं नाही. आता मला रडताना पाहिलेलं कुणीही राहिलं नाही, दत्तू.

येत्या दिवाळीला तुझं पत्र येणार नाही. तरी दाराजवळची भिंत मी सोडीन.

तुझी,
आक्का