माहीत नसलेलं

आई, पितृपक्ष जवळ आलाय. इतकी वर्षं मी तुझं सर्वपित्रीला करत आलो. त्या दिवशी कुणी फार विचारत नाही. आता उलव्याला राहायला आलो, इथले गुरुजी नवीन. ते म्हणाले, "तिथी माहीत असताना अमावास्या कशाला? वडील आहेत ना? मग अविधवा नवमीला करू. सवाष्ण गेलेल्या बाईचं तेव्हा करतात, नवरा हयात असेपर्यंत." मी म्हणालो, नंतर सांगतो.

बारावीच्या सुट्टीत मी बेलापूरला, तू शिकवायचीस त्याच कॉम्प्युटर क्लासला बसायचो. तू विचारतेस, खरा रिलेशनल डेटाबेस कशाला म्हणायचं? एक मुलगा म्हणतो, "मॅडम, टेबलं असली की झालं." "टेबलं लग्नाच्या हॉलमध्ये पण असतात," तू म्हणतेस. सगळे हसतात, तू नाही. मग सावकाश सांगतेस. माहिती कुठे ठेवलीय हे विचारावं लागू नये. ती काय आहे एवढ्यावरून सापडावी. एका नोंदीचं दुसरीशी नातं नोंदींतच दिसावं, मागून बांधलेल्या दोरीने नको. नियम डेटाबेसमध्येच असावेत, आणि ते चुकवून आत शिरायला मागचं दार नसावं. आणि जे माहीत नाही, त्यालाही त्यात जागा हवी. त्या दिवशी मी तारखेच्या रिकाम्या रकान्यात एक सोयीची तारीख टाकली होती, कारण प्रोग्राम अडत होता. सगळ्यांसमोर तू ती काढायला लावलीस. "माहीत नाही म्हणजे शून्य नव्हे, कोरं नव्हे आणि 'नाही'सुद्धा नव्हे. काहीतरी भरून टाकलंस की पुढची उत्तरं खोटी येतात. आणि खरी दिसतात."

बाबांना जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. जाऊन म्हणजे, न्हावा शेव्याला कामावर म्हणून निघाले आणि तिथे पोचले नाहीत. पोलिसांनी शोधलं, आपण शोधलं. मग एकदा आत्या आली. तू ओट्यापाशी भाकऱ्या थापत होतीस.

"वहिनी, लोक विचारतात हो. टिकलीचं काय ते एकदा ठरवा."

"ठरवायला माहीत असावं लागतं, वन्सं."

"वर्ष झालं की."

"भाऊ तुमचा. तुम्हाला काही कळलं असेल तर सांगा, आत्ता काढते."

आत्या न जेवता गेली. तू तिच्या वाटणीची भाकरी मला वाढलीस. टिकली तू शेवटपर्यंत लावलीस. तुला न्यायच्या वेळी बायका हिरवी साडी नेसवायची की नाही यावर कुजबुजत राहिल्या, आणि मी जिन्यात जाऊन उभा राहिलो.

काल गुरुजींचा परत फोन आला. "हयात आहेत की नाहीत, एवढंच सांगा. बाकी मी बघतो." माहीत नाही, असं म्हणता आलं असतं. मी नवमी सांगितली.

हे तुला पाठवता आलं असतं तरी पाठवलं नसतं. बाबा कुठेतरी आहेत असं मला वाटत नाही, आई. तुला विधवा म्हणवेना, एवढंच.