पुलाच्या फोटोत तू होतीस

प्रिय आई,
नमस्कार.

मी मजेत आहे, वेळेवर जेवतो. तुझा गुडघा काय म्हणतोय? चष्मा सापडला नाही की बाबा अजून घर डोक्यावर घेतात का?

फोनवर हे सांगायला जीभ रेटेना, म्हणून पत्र. निघायच्या आदल्या संध्याकाळी काढलेला पुलाचा फोटो इथे ऑफिसच्या भिंतीवर लागलाय. लोक कौतुक करतात आणि मी खाली बघतो. त्यात तू होतीस, माझी कॅमेऱ्याची बॅग धरून कठड्यापाशी उभी.

उजळ आकाश आणि पुलाखालचा अंधार, दोन्ही नीट दिसावं म्हणून मी एकाच जागेवरून कमी-जास्त उजेडाचे तीन फोटो काढून ते एकत्र करतो. मधे कुणी हललं तर तिथे भुतासारखी सावली उमटते. तू हललीस. "दोन मिनिटं स्थिर उभं राहता येत नाही का गं?" म्हणून मी खेकसलो आणि नंतर तुला पुसूनच टाकलं.

काल ते तिन्ही फोटो वेगवेगळे उघडून बघितले. पहिल्यात तू हसतेयस. दुसऱ्यात हात डोळ्यांकडे चाललाय. तिसऱ्यात तू तोंड फिरवलंयस.

मी पूल बघत होतो गं.

तुझं,
शेंडेफळ