‘ठीक’चा रकाना

रविवार, ९ ऑगस्ट

प्रिय ताईस,
साष्टांग नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत. दाजींचा गुडघा कसा आहे? माझ्या चष्म्याचा नंबर वाढला. सुधारगृहाच्या सुतारशाळेत नवा रंधा आलाय. तो हातात मिळावा म्हणून मुलं भांडतात, म्हणजे काम आवडत असावं.

फोन करणार होतो, पण हे बोलायला जीभ रेटली नसती.

आमच्याकडे महिनाभर एक मॅडम येत होत्या. वयाने लहान, पण चौकस. मुलांना इथे ठेवून खरंच काही फरक पडतो का, हे त्यांना पुराव्यानिशी पाहायचं होतं. सुटलेल्या मुलांची वही मीच लिहितो. ती ऐटीत पुढे ठेवली. त्यांनी निवडलेल्या सत्तर मुलांपैकी बासष्ट ‘ठीक’.

एका नावावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, “काका, हा ठीक आहे हे कोणी सांगितलं?”

“सांगायचं कोणी? तो परत आला नाही ना!”

“अठरा पूर्ण झाल्यावर इथे कसा येईल? मोठ्यांच्या तुरुंगात जाईल.”

चहा घेऊन आलेला आचारी मध्येच म्हणाला, “मास्तर, मग मेलेला पण तुमच्या वहीत ठीकच की!”

सगळे हसले. मीही हसलो, आणि उठून नळावर तोंड धुतलं. मॅडमचं बोट ज्यावर होतं ते नाव आपल्या भोवऱ्याचं होतं. तुझ्या लेकाचं.

सहा वर्षं तू विचारतेस, “पोराचं काही कळलं का रे?” आणि मी सांगतो, “वहीत ठीक आहे.” ताई, ते ‘ठीक’ मीच लिहिलं होतं, काही न कळता. रोज देवापुढे हात जोडून ‘त्याला सुखरूप ठेव’ म्हणायचो, आणि वहीत आधीच सुखरूप करून मोकळा झालो होतो.

अजून एक. तो इथे होता ते नऊ महिने मी त्याला मामा म्हणू दिलं नाही. “इथे मास्तर म्हणायचं,” असं पहिल्याच दिवशी बजावलं. लोक काय म्हणतील, ही भीती. सुटायच्या दिवशी त्याने विचारलं, “मास्तर, थोडे दिवस तुमच्याकडे राहू?” मी म्हटलं, “आईकडे जा.” त्याने मान हलवली, आणि तुझ्याकडे आलाच नाही. हे तुला आजवर सांगितलं नाही.

मॅडमच्या सांगण्यावरून आम्ही बासष्टही जण शोधायला घेतले. फोन केले, जुने मित्र गाठले, तुरुंगांच्या याद्या पाहिल्या. एकतीस खरंच मार्गी लागलेत, अठरा पुन्हा आत गेले होते. उरलेल्या तेरा जणांसाठी नवा रकाना आखला, ‘माहीत नाही’.

“म्हणजे आमचं सगळं फुकट?” मी विचारलं.

“तेही आत्ता म्हणता येणार नाही, काका. इथे न आणता घरीच देखरेखीखाली ठेवलेली मुलं आहेत, त्यांच्याशी ताडून पाहू. मग बोलू.”

भोवऱ्याचं नाव तुरुंगाच्या यादीत सापडलं. चोरी, आठ महिने. सुटून चार वर्षं झाली. आता तो फ्रीज दुरुस्त करतो. त्याच्यापुढचं ‘ठीक’ खोडून ‘पुन्हा गुन्हा’ लिहिलं. त्याच्याविषयी माझ्या हातून लिहिलं गेलेलं पहिलं खरं तेच.

मग फोन केला.

“कोण?”

“मी... मास्तर.”

तो म्हणाला, “दारात चपला वेड्यावाकड्या काढल्या की आई ओरडते का अजून?”

“तशा काढायला आहे कोण तिच्याकडे?”

रडला असावा. मग म्हणाला, “आईला सांगा. पण आत जाऊन आलो, ते आधी सांगा. तरी ये म्हणाली, तर येतो.”

आधी सांगा म्हणाला होता, मी पार शेवटी सांगितलं. माझी जुनी खोड. नंबर पत्राच्या मागे आहे. रविवारी त्याला सुट्टी असते. हे त्याला विचारून लिहितोय.

फोन ठेवताना “ठेवतो, मास्तर” म्हणाला. “मास्तर नको रे,” मी म्हटलं, पण तोवर त्याने ठेवला होता. तुला काय बोलायचं ते मला बोल, त्याला नको.

तुझा धाकटा,
आणि जमलं तर, त्याचा मामा