भाऊसिंगच्या नावावरच्या नऊ नोंदी

मी, इंद्रभान जानराव इढोळे, वय एकाहत्तर, धंदा औषधविक्री (दुकान आता मुलगा बघतो), राहणार मेडशी, तालुका मालेगाव, जिल्हा वाशिम, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. रक्तदाब वाढलेला असला तरी त्याने बुद्धी फिरत नाही, असं त्यांनी तोंडी सांगितलं. हे लिहिताना माझ्यावर कोणाचा दाब नाही. असता तर हे पावणेचार वर्षांपूर्वीच लिहून झालं असतं.

कलम १. मेडशी येथील राहतं घर माझ्या माघारी माझी पत्नी रुख्मिणी हिचं. तिच्यानंतर मुलगा भागवत याचं. तिला कोणी "आई, आता आमच्याकडे राहा" असं म्हणू नये. घर तिचं आहे, बाकीचे तिच्याकडे राहतात.

कलम २. बस स्टँडजवळचं मेडिकल दुकान, फ्रिज, कपाटं आणि आतला माल भागवतला. परवाना दोन वर्षांपूर्वीच त्याच्या नावावर झाला आहे. अट एकच. झोपेच्या किंवा नशेच्या औषधांची नोंद गिऱ्हाईक समोर उभं असताना करायची आणि लिहिलेलं नाव त्याला वाचून दाखवायचं. गर्दी आहे, नंतर लिहू, असं म्हणायचं नाही. मी तसंच म्हणत आलो.

कलम ३. शिवारातल्या तीन एकरांपैकी दोन एकर भागवतला. तिसरा एकर, विहिरीच्या बाजूचा, नानीबाई भाऊसिंग राठोड, राहणार तांडा, यांना. कारण कलम ६ मध्ये.

कलम ४. बँकेतली ठेव नात संस्कृती हिच्या शिक्षणाला. तिने औषधशास्त्र शिकावं असा आग्रह कोणी धरू नये.

कलम ५. किरकोळ. गोळ्यांच्या पट्ट्या कापायची माझी कात्री सूनबाई रूपाली हिला, कारण तिचं लक्ष त्या कात्रीवर पहिल्यापासून आहे. मोर्च्यासाठी नेलेला माझा कर्णा औषधविक्रेत्यांच्या तालुका अध्यक्षांनी परत केलेला नाही. तो मागायला कोणी जाऊ नये. कर्णा मिळणार नाही आणि दोन तासांचं भाषण ऐकावं लागेल. निवृत्त शिक्षक रतनसिंग चव्हाण यांच्याशी माझं बोलणं बंद आहे. मालेगावच्या सभागृहात त्यांनी मला चारचौघांत "गोळ्यांचा दलाल" म्हटलं. ते मी त्यांना माफ करणार होतो. पण माफ करायला आपली बाजू खरी असावी लागते, म्हणून तो विषय सोडून देतो.

कलम ६. रजिस्टर.

हे कलम लांबेल. मृत्युपत्रात एवढं लिहीत नसतात हे मला ठाऊक आहे.

झोपेच्या आणि सवय लागणाऱ्या औषधांसाठी आम्हाला वेगळं रजिस्टर ठेवावं लागतं. कोणी नेलं, कोणत्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर, किती, कोणत्या तारखेला. वर्षा-दोन वर्षांतून तपासणीला साहेब येतात, पानं उलटतात आणि चहा घेऊन जातात. त्यामुळे बरेच दुकानदार महिना संपला की एका बैठकीत रजिस्टर भरतात. माल किती गेला ते माहीत असतं, त्यावर नावं बसवायची. मीही बसवत आलो. बिनचिठ्ठीच्या गोळ्यांनाही नाव लागतंच.

नावं कुठून आणायची? आमच्याकडे दिवाळी झाली की तांड्यातल्या टोळ्या ऊसतोडीला निघतात. निघायच्या आधी प्रत्येक घर माझ्याकडे येऊन सहा महिन्यांची औषधाची पुडी बांधून नेतं. तापाच्या गोळ्या, मलम, पट्ट्या, जुलाबाची पावडर. कोणाला दमा आहे, कोणाचं लेकरू लहान आहे, हे मला पाठ असे. पुडीवर नाव लिहायचं आणि तीच नावं वहीत उतरवून ठेवायची, म्हणजे पुढच्या वर्षी बरं पडतं. मला त्या कामाचा अभिमान होता. त्याच वहीतून मी रजिस्टरसाठी नावं उचलायचो. माणूस दोनशे कोसांवर ऊस तोडतोय, इथे येऊन विचारणार कोण?

२०२१ च्या उन्हाळ्यात रुख्मिणीचं गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं आणि तिची झोप गेली. अकोल्याच्या डॉक्टरांनी एक महिन्याच्या गोळ्या लिहून दिल्या. महिना संपला, झोप आली नाही. चिठ्ठी संपली तरी गोळ्या मी देत राहिलो. तेव्हा भागवतची सोयरीक चालली होती. माझं रजिस्टर काउंटरवर पडलेलं असायचं आणि गावातलं कोणीही ते चाळायचं. मुलाची आई डोक्याच्या गोळ्या खाते, एवढी कुजबुज सोयरीक मोडायला पुरली असती. म्हणून मी तिच्या गोळ्या भाऊसिंग राठोडच्या नावावर लिहिल्या. नऊ वेळा. त्याचंच नाव का, तर तो पुडी न्यायला सगळ्यांत आधी यायचा, वहीत त्याचं नाव पहिलं होतं. दुसरं काही कारण नाही.

भाऊसिंग टोळीचा ट्रॅक्टर चालवायचा. जानेवारी २०२२ मध्ये, दिवस उगवताना, उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या उतारावर ओढून नेताना ट्रॅक्टर उलटला. भाऊसिंग गेला. शेजारी बसलेला भिवाजी जाधव गेला. दोघांची घरं तांड्यात भिंतीला भिंत लागून आहेत. ब्रेक लागत नव्हते, असं टोळीतली माणसं सांगत होती. आठ दिवसांनी ट्रॅक्टरमालकाची दोन माणसं चौकशी करत माझ्या दुकानात आली. ड्रायव्हर काही नशापाणी, गोळ्या घेत होता का? मी म्हणालो, माहीत नाही. रजिस्टर काउंटरवरच होतं. त्यांनीच उघडलं. एकाने बोट ठेवलं, दुसऱ्याने मोबाईलवर फोटो काढले. नऊ नोंदी.

त्यातल्या पाच नोंदी नोव्हेंबर ते जानेवारीतल्या होत्या. भाऊसिंग तेव्हा ऊसतोडीवर होता, गावात नव्हता. नुसत्या तारखा वाचल्या असत्या तर शाळेतल्या पोरालाही कळलं असतं. पण त्यांना तारखांशी घेणं नव्हतं, नाव पाहिजे होतं. मी तोंड उघडायला पाहिजे होतं. मी त्यांना पाणी विचारलं.

ड्रायव्हर गोळी खाऊन गुंगीत होता, असं ठरलं. ब्रेक कोणी पाहिले नाहीत. तांड्यात भिवाजीची आई रुपाबाई नानीबाईच्या अंगणात येईनाशी झाली. "तुह्या नवऱ्यानं माह्या लेकाले झोपंत मारलं," असं ती भर रस्त्यात म्हणाली.

पुढच्या महिन्यात नानीबाई दुकानात आली. काउंटरला धरून उभी राहिली.

"काका, तो कवापासून नेत होता गोळ्या?"

मी कात्री उचलून गोळ्यांची पट्टी कापायला लागलो.

"मले काहून नाही सांगतलं त्यानं? वीस वर्सं एका खोलीत झोपलो आमी. मले कसं नाही समजलं?"

तेव्हा मी जे बोललो ते इथे लिहून ठेवतो, कारण मरताना ते माझ्या सोबत येणारच आहे. मी म्हणालो, "माणूस बायकोला सगळं सांगत नसतो, नानीबाई." तिने मान हलवली आणि गेली. त्या दिवसापासून ती नवऱ्यावर रागावून आहे. मेलेल्या माणसावर.

मागच्या वर्षी निवडणुकीच्या धामधुमीत चर्चा उठली, की अशा औषधांची प्रत्येक विक्री सरकार ऑनलाइन नोंदवायला लावणार, गिऱ्हाइकाच्या मोबाईल नंबरासकट. मालेगावच्या सभागृहात सगळ्या पक्षांची माणसं गोळा झाली. रतनसिंग गुरुजी बाजूने बोलले. तांड्यातली पोरं खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या पिऊन वाया चालली आहेत, दुकानदार आंधळे झाले आहेत, नोंद झालीच पाहिजे. मी विरोधात बोललो. बायाबापड्यांची दुखणी सरकारी मशीनमध्ये कशाला, उद्या ती कोण वाचेल याचा भरवसा काय? हे मी मनापासून बोललो, रुख्मिणीला आठवून बोललो, आणि आजही मला त्यात तथ्य वाटतं.

मग गुरुजींनी भाऊसिंगचं नाव काढलं. वेळेवर कोणी पाहिलं असतं तर एवढ्या गोळ्या त्याला मिळाल्या नसत्या, म्हणाले. मी उठलो आणि गरजलो, "त्या गरिबाचं रजिस्टर उघडलं गेलं म्हणून त्याच्या बाईला आज तोंड लपवावं लागतं! तुम्हाला सगळ्यांचीच रजिस्टरं उघडायची आहेत का?" टाळ्यांचा कडकडाट झाला. शेवटच्या रांगेत नानीबाई बसली होती. ती टाळ्या वाजवत होती.

गुरुजी नुसतं एवढं म्हणाले, "मोबाईल नंबर असता तं मेसेज त्याच्या फोनवर गेला असता, इंद्रभानजी. त्यानं सोताच इचारलं असतं, एवढ्या गोळ्या कायच्या." खरंच होतं. भाऊसिंग मेसेज घेऊन दुकानात आला असता, म्हणाला असता, "काका, म्या कवा नेल्या गोळ्या?" आणि हसला असता. पहिल्याच नोंदीला सगळं मिटलं असतं. सरकारने लोकांच्या औषधांवर पाळत ठेवावी की नाही, हे शहाण्यांनी ठरवावं. माझं तोंड कुठल्याच बाजूने बोलायच्या लायकीचं नव्हतं.

सभेला रुख्मिणीही सोबत आली होती. परत येताना एसटीत ती म्हणाली, "भाऊसिंग तं चहा पेऊन बी घोरणारा माणूस. त्याले गोळ्या कायले लागत?" अमानीचा फाटा आला तशी माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "माह्या गोळ्या कोणाच्या नावावर लिहत होते तुमी?"

मी सांगितलं. ती रडली नाही. म्हणाली, "मले लपवाले तुमी त्या बाईचा नवरा पुढं केला व्हय? माह्यं नाव लिहा. माह्या गोळ्या होत्या, मले लाज नाही." तेव्हापासून दहा महिने रोज सकाळी चहा देताना विचारते, "लिहिलं का?" भागवत म्हणतो, "बाबा, परवान्यावर येईल, दुकान बंद पडेल." दोघांच्या मधून मी ही वाट काढली, की माझ्या माघारी उघडेल अशा कागदात सगळं लिहावं. त्या नऊही नोंदींच्या गोळ्या माझी पत्नी रुख्मिणी इंद्रभान इढोळे हिने घेतल्या, भाऊसिंग राठोडने एकही घेतली नाही, असं मी जाहीर करतो. मूळ रजिस्टर माझ्या लोखंडी पेटीत आहे. ते आणि कलम ३ मधला एकर नानीबाईंना द्यावा.

पुरवणी, त्याच दिवशी.

साक्षीदार म्हणून मी रतनसिंग गुरुजींनाच बोलावलं. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, असं मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, वाचल्याशिवाय मी पोरांच्या दाखल्यावरही सही केली नाही. दुकानातल्या स्टुलावर बसून त्यांनी सगळं वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "पेटी उघडा. रजिस्टर घ्या. बसा गाडीवर." रुख्मिणी म्हणाली, मी पण येते. ती भागवतच्या गाडीवर आली. त्याला यायचं नव्हतं, पण आईला नाही म्हणणं त्याला जमलं नाही.

तांड्यात मंदिरापुढे माणसं जमली, नानीबाई आणि रुपाबाईही आल्या, आणि ओट्यावर मी उभ्याने कलम ६ वाचलं. नानीबाईने मधे एकदाही थांबवलं नाही. एकराचं वाचल्यावर मात्र हात वर केला.

"तुमी मेल्यावर हे वाचून दाखवणार होते? अन् तवर? तवर मी त्याले शिव्याच देत राहू?"

मी कागदाची घडी घालायला लागलो.

"वावर नको मले. खोडा ते. जित्ते हाये तवर बोला, सगळ्याइले ऐकू जाईल असं बोला. तो गोळ्या खात नव्हता, म्हना."

मी म्हणालो. ती म्हणाली, अजून एकदा. मी पुन्हा म्हणालो. मग ती रुपाबाईकडे न बघता म्हणाली, "तारखा बी वाचा." मी पाचही तारखा वाचल्या. तेव्हा रुपाबाई उठली. साठीची बाई, काठी टेकत माझ्यापाशी आली.

"मंग माह्या पोराले मारलं कोणं?"

ब्रेक पावणेचार वर्षांपूर्वी पाहायचे होते. ते पाहिले गेले नाहीत ते माझ्या रजिस्टरमुळे, हे मी तिला सांगितलं. हे वाक्य मृत्युपत्रात आधी नव्हतं, आता आहे.

त्यावरून खालील बदल करतो. कलम ३ मधला नानीबाईंना द्यायचा एकर, त्यांच्या सांगण्यावरून, रद्द. कलम ६ माझ्या माघारी नव्हे, आजच लागू. उद्या सकाळी मी रजिस्टर घेऊन पोलीस ठाण्यात जबाब देणार आहे. परवान्याचं जे व्हायचं ते होईल. भागवतने ते माझ्या नावावर टाकावं, आईच्या नाही. खाडाखोडीजवळ माझी सही आहे.

साक्षीदारांची नावं गुरुजींनी लिहून घेतली. नानीबाईला विचारलं, पूर्ण नाव काय लावता? तांड्यातल्या बाया नवऱ्याचं नाव तोंडाने घेत नाहीत, म्हणून गुरुजी स्वतःच पुढचं लिहायला लागले. तिने त्यांचा हात थांबवला आणि मोठ्याने सांगितलं.

लिहून ठेवणार: इंद्रभान जानराव इढोळे (सही)

साक्षीदार:

१. रतनसिंग चव्हाण, निवृत्त शिक्षक (सही)

२. नानीबाई भाऊसिंग राठोड (डाव्या हाताचा अंगठा)

३. रुपाबाई जाधव. अंगठा दिला नाही. म्हणाल्या, "आंधी ठाण्यात जाऊन या. मंग देईन." जागा मोकळी ठेवली आहे.

ठिकाण: ~~मेडशी~~ तांडा, मंदिराचा ओटा

दिनांक: १४ सप्टेंबर २०२५