आमच्या गच्चीवरनं जाणारा उपग्रह

३ नोव्हेंबर, सकाळी ९.१०
घावला! अमेरिकेच्या लष्करानं पासष्ट साली प्रयोग म्हणून सोडलेला उपग्रह. बंद पडून जमाना झाला, पण अजून फिरतोय, मधूनच आवाज काढतोय, असं नेटवर वाचलेलं. गच्चीवर अँटेना लावून मी पकडला. घूंऽ, चार सेकंद गप्प, परत घूंऽ. अख्ख्या शहापुरात फक्त मला जमलं. खाली धाकटा भाऊ नागेंद्र पॉवरलूमवर साडी विणतोय. विणू दे.

४ नोव्हेंबर
नऊला सुरू, सहाला बंद. एक ते दोन गप्प. लष्करातला आहे, जेवणाची वेळ पाळणारच. हे ऐकून नागेंद्र हसला. तांब्या फेकून मारला. कपाळाला तीन टाके. आजपासून राग बंद.

८ नोव्हेंबर
राग बंदच. शेजारचा यल्लाप्पा म्हणाला, अँटेनाचा पाइप कलंडलाय, पडंल कुणाच्यातरी डोक्यात. त्याला जिन्यावरनं ढकलला. शांतपणे. त्याचे दोन दात गेले, माझा शर्ट फाटला. नुकसान दोघांचंही.

१३ नोव्हेंबर
दुपारी लाईट गेली, उपग्रहही गेला. माझा रेडिओ सेलवर, उपग्रह उन्हावर. म्हणजे ढग आला असणार. बघितलं, एक ढग न्हाय. लई वर असेल. बायको सुवर्णा म्हणाली, जरा खाली मागाकडं बघून या. आरसा फोडला. बायकोवर हात टाकत नाही, तत्त्व आहे.

१७ नोव्हेंबर
वीस तारखेला अमावास्या. अमावास्येला गल्लीतले सगळे माग बंद, म्हणजे खडखडाट न्हाय, सिग्नल एकदम क्लिअर. कॉलेजच्या विक्रम सरांना बोलावलंय. गल्लीत निम्मी माणसं कन्नड बोलणारी, म्हणून माझ्या सत्काराचं भाषण कन्नडातबी पाठ करतोय. नागेंद्रला पुढच्या खुर्चीत बसवणार.

२० नोव्हेंबर, दुपारी
नऊपासून गच्चीवर चाळीस माणसं. माग बंद, गल्ली चिडीचूप. रेडिओही चिडीचूप. बाराला विक्रम सर घड्याळ बघून उठले. नागेंद्र म्हणाला, अण्णा, तुझा उपग्रह बी अमावास्या पाळतोय जणू. सगळे हसले.
पाइप उपसला आणि हाणला. तो हात आडवा धरून अण्णा अण्णा ओरडत होता, मी हाणतच होतो. चौघांनी धरलं तेव्हा थांबलो. उजवा हात दोन ठिकाणी मोडला. विणायचा हात.

२१ नोव्हेंबर, सकाळी
राहिलेली साडी पुरी करायला भावजय नीलमनं माग सुरू केला. रेडिओत घूंऽ आला.
सुवर्णाला हेडफोन लावून गच्चीवर बसवलं, मी खाली मागापाशी. मोटर बंद केली, ती ओरडली, गेला. चालू केली, आला. नऊ वेळा करून बघितलं. नीलम म्हणाली, बंद-चालू करू नका, मोटर जळंल.

दुपारी
दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणाले, बोटं पहिल्यासारखी चालतील याची खात्री नाही. नागेंद्रनं डोळे उघडून विचारलं, अण्णा, आज आला काय रं उपग्रह? व्हय म्हणालो. बरं झालं म्हणाला, मग हाताचं काय एवढं न्हाय.
जिन्यात बसून रडलो.