तीन वाजता विहीणबाई

४ नोव्हेंबर
लेकीकडे गेले होते. पुढच्या महिन्यात बाळ येणार. विहीणबाई म्हणाल्या, दुपटी विकत आणू. माझ्या तोंडून निघून गेलं, "विकत कशाला? मी क्रोशाने विणते की." सुई मी जन्मात हातात धरलेली नाही. पण वीस वर्षं दवाखान्याच्या लॉन्ड्रीत सकाळपाळीला चादरींच्या घड्या घालतेय. काठाला काठ कसा लावायचा ते मला कुणी शिकवायला नको. आठवड्यात उडवते.
लेक माझ्याकडे कौतुकाने बघत होती. असं शेवटचं कधी बघितलं होतं, आठवत नाही. आता माघार नाही.

५ नोव्हेंबर
विहीणबाईंचा फोन. मलाही शिकवा म्हणतात, उद्यापासून रोज तीन वाजता येते. हो म्हटलं. नाही कसं म्हणणार?
ठरलं. रोज त्या यायच्या आत एक धडा शिकून ठेवायचा.

६ नोव्हेंबर
मोबाईलवर एका बाईचा व्हिडिओ सापडला. पहिली पाच मिनिटं नुसती बोलत सुटते. ती पळवली. एवढा वेळ कुणाकडे आहे? साखळी जमली. गाठोड्यासारखी दिसते, पण साखळीच आहे.
विहीणबाईंनीही घातली. बरी होती. मी फार स्तुती केली नाही, डोक्यात हवा जाते.

९ नोव्हेंबर
खांबाचा टाका शिकायचा राहिला आणि तीन वाजले. पोट बिघडलंय सांगून मोबाईल घेऊन न्हाणीघरात शिरले. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून नळ सोडला. हे बाहेरून ओरडले, टाकी रिकामी करतेस का. या माणसाला कधी काय बोलावं कळत नाही.
बाहेर आले तर माझं विणकाम विहीणबाईंच्या मांडीवर. जरा हात लावून बघत होते, म्हणाल्या. दोन ओळी एकदम सरळ. माझ्याच. लोकर थोडा वेळ तशीच ठेवली की आपोआप सरळ बसते.

१५ नोव्हेंबर
दुपटं हातभर झालं. मी चहा टाकून येते तोवर वाढलेलंच दिसतं. मन लागलं की काम कधी होतं कळतसुद्धा नाही.
विहीणबाईंना स्पष्ट सांगितलं, तुमच्या हाताला अजून सफाई नाही. म्हणाल्या, "तुमच्यासारखी कुठून येणार?" बाई खरं बोलते.

२० नोव्हेंबर
विहीणबाई आठवडाभर बहिणीकडे. सुटले बाई. पोट नको, नळ नको. आता बघा वेग.

२४ नोव्हेंबर
लोकर खराब निघाली. दुपटं वर वर चिंचोळं होत चाललंय. प्रत्येक ओळ आधीच्यापेक्षा लहान. दुकानदाराला झापलं. तो म्हणतो, लोकर धुतल्यावर आकसते, विणताना नाही. लॉन्ड्रीवालीला शिकवतोय.
हे म्हणाले, बाळाला शेपूट असेल तर छान बसेल. यांच्याशी बोलणं बंद.

२७ नोव्हेंबर
उसवायला बसले आणि फोन आला. बाळ आजच झालं, तीन आठवडे आधी. मुलगी. दोघी सुखरूप. सुई तशीच टाकली.

२८ नोव्हेंबर
दुपटं घेऊन गेले. सांगून टाकलं, नवीन डिझाइन आहे, पायाकडे निमुळतं. लेकीने बाळ रुंद भागात गुंडाळलं. तेवढाच पुरला.
जावई त्या भागावरून बोट फिरवत म्हणाले, "हा तर आमच्या आईचा हात. माझे लहानपणीचे सगळे स्वेटर हिनेच विणलेत."
लेक भिंतीवरचं घड्याळ बघायला लागली.
विहीणबाई म्हणाल्या, "तुला काय कळतं रे विणकामातलं? मला यांनीच शिकवलंय." आणि माझ्याकडे वळून, "माझ्या दोघी नणंदा पण सोमवारपासून येतील म्हणतात. तीन वाजता. सगळ्यांना सांगितलंय तुम्ही किती छान शिकवता."
लेक माझ्याकडे बघत होती. हो म्हटलं.

३० नोव्हेंबर, रविवार
उद्या तिघी येणार. न्हाणीघरात बसून व्हिडिओ पहिल्यापासून लावला. दुसऱ्याच मिनिटाला ती बाई म्हणते, ओळीतला शेवटचा टाका सोडू नका. ओळ संपली की टाके मोजा. नाहीतर काम त्रिकोणी होईल.
एवढी महत्त्वाची गोष्ट. आधी सांगायला काय झालं होतं तिला?