फ्रेंचचं तिसरं वर्ष

रविवार, १४ मार्च
गिरणीची वसाहत

रोझेर,

आल्सीद पेल्तियेच्या पोरा, ऐक. तू आणि मी एकाच पट्ट्याखाली वाढलो. पोरांनी इंग्रजीच बोलावं असा पपांचा हट्ट, जेवणाच्या टेबलावर तोंडातून एक फ्रेंच शब्द निघाला की त्यांचा हात कमरेच्या पट्ट्याकडे जायचा. तू पाव मागितलास आणि तुझी पाठ फुटली. मी मध्ये पडले, माझीही फुटली. आपल्याच भाषेत भूक लागली म्हणून आपण रक्त पुसलं आहे. हे गाऱ्हाणं तुझं आणि माझं आहे, म्हणून हे पत्रही तुलाच.

बाकी ठीक. छपरावरचा बर्फ अजून उतरलेला नाही. कागद कारखान्यात दुसरं यंत्र बंद पडलंय, युनियनची माणसं रोज माझ्या स्वयंपाकघरात बसून कॉफी संपवतात. प्रिसिल तुझ्यासाठी बीन्सचं मडकं घेऊन तळ्यावरच्या झोपडीकडे निघाली आहे, तिच्याच हाती हे देते. नवऱ्यावर चिडलेली बायको बीन्स घेऊन जाते, यातच तुझं नशीब बघ.

खांदा कसा आहे? खुर्ची मीच फेकली. लोखंडी होती, म्हणून मोडली नाही.

माझी ओडेट बरी आहे. नळीने सूप पिते.

मंगळवारी शाळा मंडळाच्या सभेत तिसऱ्या-चौथ्या वर्षाचं फ्रेंच बंद करायचा विषय निघाला, तेव्हा तू मंचावरून म्हणालास, "दोन वर्षं फ्रेंच पुरे. शाळा पास व्हायला तेवढंच लागतं." टाळ्याही मिळाल्या. खरंच आहे, पास व्हायला तेवढंच लागतं. शाळेच्या समुपदेशकानेही ओडेटला तेच सांगितलं होतं. ही पोरगी जाणार कुठे, हे त्याने विचारलंच नाही. कारखानदाराचा मुलगा असता तर विचारलं असतं. ओडेटला जायचंय त्या कॉलेजांत शेकडो अर्जांतून मूठभर पोरं घेतात. ती कॉलेजं लिहितात, एकाच परक्या भाषेची चार वर्षं, निदान तीन, 'असावीत अशी अपेक्षा'. सक्ती नाही म्हणे! रोझेर, सक्ती गरिबाला सांगतात, कारण तेवढी पुरी केली की तो खूश होतो. अपेक्षा श्रीमंताच्या कानात सांगतात. मोठ्या घरची पोरं तिथे चार वर्षं घेऊन पोचतात आणि आपली पोरं दोन घेऊन बाहेर उभी राहतात. वर मंडळातल्या त्या व्हिटकॉमसारखे लोक म्हणतात, कुणी अडवलं होतं?

तो व्हिटकॉम म्हणाला, "तिसऱ्या-चौथ्या वर्षाला मुलं फार थोडी. त्यांनी संगणकावर स्पॅनिश सुरू करावं." दोन वर्षं याची, दोन वर्षं त्याची! अर्धं दार इकडे, अर्धं तिकडे, आणि म्हणे घर बांधलं.

मग तू उठलास. "माझ्या भाचीला वर्ग कशाला हवा? ती आजीच्या मांडीवर फ्रेंच शिकलीय." तुला ठाऊक होतं, आजीच्या मांडीची गुणपत्रिका निघत नाही. ठाऊक असूनही बोललास.

ओडेट ध्वनिक्षेपकापाशी गेली. ती इंग्रजीत बोलली असती तर सगळं शांतपणे पार पडलं असतं. ती आजीच्या फ्रेंचमध्ये बोलली. "मामा, तुम्हाला मी काय म्हणतेय ते कळतंय. लहानपणी याच शब्दांसाठी तुमची पाठ फोडली. आता तुम्ही न कळल्याचं सोंग का करता?"

मागच्या रांगेतली म्हातारी माणसं हसली. त्यांच्यातला गास्तों ओरडला, "अरे रोझेर, उत्तर दे की! का पपा ऐकतील म्हणून भितोस?"

आणि तू मंचावरून खाली उतरलास.

मला वाटलं, तू तिला जवळ घेणार. देवाशपथ, मी जागेवरून उठलेही नाही, मला इतकी खात्री होती. तुझा हात वर गेला. उजव्या हाताच्या पाठीने, तोंडावर, पपा मारायचे तस्साच. दात तुटल्याचा आवाज ध्वनिक्षेपकातून अख्ख्या सभागृहाला ऐकू गेला.

पुढचं तुला माहीत आहे. गास्तोंने व्हिटकॉमची कॉलर धरली, टेबल उलटलं, कुणाचं नाक फुटलं, माझ्या हाती खुर्ची आली. शहरात लोक म्हणतात, पेल्तिये लोक म्हणजे भांडकुदळ. म्हणू देत. आपण नुसते मार खाणारे होतो तेव्हा कुणाचं लक्षही नव्हतं.

एवढंच असतं तर मी पत्र लिहिलं नसतं. तुझ्या दारावर दगड मारून मोकळी झाले असते.

काल पोलीस आला. सगळ्या सभागृहाने पाहिलं होतं, पण त्याला तिच्या तोंडून हवं होतं. ओडेटने सुजलेल्या ओठांतून सांगितलं, "गडबडीत दार लागलं."

दार लागलं, रोझेर. आठवतं? शाळेत बाईंनी माझ्या मानेवरचा वळ पाहून विचारलं तेव्हा मी हेच म्हणाले होते. तुझा कान फाटला तेव्हा तूही हेच. मी या पोरीला ते कधीच सांगितलं नव्हतं. तरी तिला आलं. फ्रेंच शिकवायला आजी लागली. हे न शिकवता आलं.

पोलीस गेल्यावर मी तिच्यावर ओरडले, "का वाचवलंस त्याला?" तिने पाटीवर लिहिलं: "मामा तुरुंगात गेले तर मत कोण देणार?"

शाळा मंडळात तीन जण वर्गाच्या बाजूचे, तीन विरोधात. सातवा तळ्यावर मासे पकडतोय. तू आला नाहीस तर बरोबरी होऊन वर्ग ठेवायचा ठराव पडला, तिसरं वर्ष गेलं, आणि ओडेटबरोबर तिच्यामागून येणारी सगळी पोरंही गेली.

मी माफ केलेलं नाही. माफीसाठी येऊ नकोस, फुलं आणू नकोस, माझ्या दारात रडू नकोस. पपाही रडायचे.

गुरुवारी संध्याकाळी सभेला ये. ओडेट पहिल्या रांगेत बसेल, ओठाला टाके असतील. तिच्याकडे बघ. आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या फ्रेंचसाठी मत पुकारतील तेव्हा तोच उजवा हात वर कर.

त्याच पट्ट्याखालची तुझी बहीण,
लेओंतीन